तुम्हालाही काढलं असतं

सर, गेल्या वर्षी मी एका कोचची नोकरी घालवली. आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही मध्येच "मुद्द्यावर ये" म्हणायला नको. माणूस चांगला होता, त्याची टीम चांगली होती, आणि त्याने जे केलं ते तुम्ही माझ्यासाठी केलं होतंत त्याच्याहून फार वेगळं नव्हतं. तरीही समितीत मी तोंड उघडलं आणि तो गेला. मला त्याचा पश्चात्ताप नाही. तसा असता तर मी देवळात गेले असते, तुम्हाला लिहायला बसले नसते.

तुम्ही गेलात तेव्हा मी जपानात नवीन होते, पीएच.डी. करत होते. इथेच राहीन असं तेव्हा वाटलं नव्हतं. राहिले. त्सुकुबाच्या बाहेर एक खासगी कॉलेज आहे, तिथे मी माती शिकवते, म्हणजे पाया घालायच्या आधी इंजिनियर जी माती तपासतात ती. दोन हजार अकराच्या भूकंपानंतर या विषयाला अचानक मान आला, आणि परदेशी बाई असूनही मला एकामागून एक समित्यांवर बसवायला लागले. त्यातली एक खेळाची. कधीतरी कुणाला तरी बोलून गेले होते की मी शाळेत बास्केटबॉल खेळायचे. इथे असं बोललेलं कोणी विसरत नाही.

आमच्या मुलींच्या टीमच्या मुख्य कोचला सगळे 'कान्तोकु' म्हणायचे. इथे मुख्य कोचला तसंच म्हणतात, नावाने हाक मारत नाहीत, जसं तुम्हाला आम्ही नुसतं 'सर' म्हणायचो. पन्नाशीचा, बुटका, गुडघ्यांवर कायम पट्ट्या. भूकंपात जिमचं छत खाली आलं तेव्हा त्याने सगळ्या मुलींना बाहेर काढलं आणि मग स्वतः मागून आला. त्यानंतर आमच्या भागात पाणी नव्हतं, लिफ्ट बंद. हा गडी रोज सकाळी मुलींच्या हातात पाण्याचे कॅन देऊन म्हाताऱ्यांच्या इमारतींचे जिने चढायला लावायचा. मुली कुरकुरल्या की म्हणायचा, "हा सरावच आहे." मी तिसऱ्या मजल्यावर राहायचे, म्हातारीही नव्हते, तरी माझा कॅन तो स्वतः आणून दाराशी ठेवायचा. मला तो फार आवडायचा, सर. हे मुद्दाम लिहितेय. नावडत्या माणसाला काढणं काय, कोणीही करतं.

आता नियम काय होता ते ऐका. शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या खेळाडूशी, तिची शेवटची स्पर्धा संपेपर्यंत, कॉलेजातल्या कोणीही प्रवेशाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. तिच्याशी नाही, तिच्या आईवडिलांशीही नाही. भेटवस्तू द्यायची नाही, सरावाला बोलवायचं नाही. कोणीही म्हणजे कोणीही, कोच, प्राध्यापक, ऑफिसातली माणसं, सगळे त्यात आले. सगळ्या कॉलेजांनी मिळून तो केलेला, आमच्या कॉलेजने त्यावर सही केलेली. खेळाच्या जागा खुल्या निवड चाचणीने भरायच्या, असं ठरलेलं.

कान्तोकुने काय केलं ते मला कळलं ग्योतोकुला, गणपतीच्या जेवणात. ग्योतोकु इथून बरंच लांब, पण तिथे आता आपली माणसं इतकी झाली आहेत की हॉल भाड्याने घेऊन गणपती बसतो. तिथली एक कोथरूडची बाई माझी मैत्रीण, नवरा सॉफ्टवेअरमध्ये, आणि मुलगी उंच, अगदी दारातून वाकून यावं लागेल इतकी. मुलगी इथेच वाढलेली. आई मराठीत विचारते, मुलगी जपानीत उत्तर देते आणि दोघींचं मस्त भांडण चालू राहतं. मला माहीत होतं की ती बास्केटबॉल खेळते, पण तिचा खेळ मी कधी पाहिला नव्हता. तर मी उकडीचा मोदक फोडून त्यावर तूप घालतेय आणि मैत्रीण शेजारी येऊन बसते.

"अगं, तुमच्या कॉलेजचे कान्तोकु-सान म्हणजे देवमाणूस हं! गेल्या दिवाळीत घरी आले होते हिला बघायला. जाताना मी आपला चिवडा-चकलीचा डबा दिला. तर आठवड्यात डबा परत, आणि त्याबरोबर हिच्या मापाचे बूट! मला बाई इतकं लाजल्यासारखं झालं. मग मी त्यांच्या बायकोला साडी पाठवली. तर तिकडून हिला बॅग आली आणि बायकोच्या हातचं मुळ्याचं लोणचं, डब्यातून. आता दुसऱ्याचा डबा रिकामा कसा पाठवायचा? बेसनाचे लाडू भरले."

"मग?"

"मग काय, शनिवारी सरावाला बोलवायला लागले हिला. येण्याजाण्याचा पाससुद्धा त्यांनीच काढून दिला."

सर, तुम्हाला इथली रीत माहीत नाही म्हणून सांगते. इथे कोणी काही दिलं की त्याची परतफेड करावीच लागते, साधारण निम्म्या किमतीची, नाहीतर माणूस रात्रभर कूस बदलत राहतो. आणि आपल्याकडे डबा रिकामा गेला तर लक्ष्मी रुसते. एकीकडून परतफेड थांबेना, दुसरीकडून डबा भरायचा थांबेना. कोथरूडच्या संस्कारांनी आणि जपानी संस्कारांनी हातात हात घालून त्या माणसाला खड्ड्यात नेऊन घातलं. मला आधी हसू आलं, खरंच. तूप हातावर सांडलं. नुसतं एवढंच असतं तर मी त्याला खोलीत बोलावून चार शब्द ऐकवले असते आणि विषय संपवला असता.

पण मी विचारलं, "प्रवेशाचं काही बोलले का?"

"अगं, जूनमध्येच! जागा पक्की आहे, दुसरीकडे कुठे फॉर्म भरू नका म्हणाले. तसं अजून दोघींनाही सांगितलंय म्हणे. आमचं टेन्शनच गेलं."

माझं आलं. तिला तिथेच सांगितलं की हे नियमात बसत नाही आणि मी खेळाच्या समितीवर आहे, मला आता गप्प बसता येणार नाही. ती आवाज खाली आणून म्हणाली, "मी मैत्रीण म्हणून सांगितलं तुला. घरातली गोष्ट तू जपानी लोकांच्यात नेऊन सांगणार? मराठी ना गं तू?" आरती सुरू झाली आणि ती उठून गेली. हे मला लागलं, सर. अजूनही लागतं.

परत येताना त्सुकुबाच्या गाडीत मी तुमचा विचार करत होते. तुम्ही चिंचवडच्या आमच्या दीड खोलीत आलात तो दिवस. स्कूटर खाली लावून, शिट्टी गळ्यात तशीच ठेवून. मी नववीत, कॉलनीतल्या मुलांबरोबर मैदानावर खेळणारी, आणि तुम्ही शहरातल्या मुलींच्या शाळेचे पी.टी.चे सर. आई थालीपीठ लावतेय, स्वयंपाकघरात दुसरी जागा नाही म्हणून तुम्ही तिथेच भिंतीला टेकून बसलाय, बाबा कंपनीतून आलेले, अजून कपडेही बदललेले नाहीत. बाबा म्हणतात, "चेंडू खेळून पोट भरतं का, मास्तर?" तुम्ही म्हणता, "नाही भरत. पण हिची उंची वाया घालवली तर तुमची मुलगी जन्मभर पोक काढून चालेल." आईचा हात तव्यावर थांबतो, कारण ती स्वतः पोक काढून चालायची. तेवढ्यावर काम झालं. तुम्ही लोण्याचा गोळा मागून घेतलात आणि जाताना बुटांचं खोकं ठेवलंत. बूट एक नंबर मोठे होते, पुढे कापूस भरून मी वर्षभर घातले.

तेव्हाही नियम होता, सर. शाळा बदलली की एक वर्ष स्पर्धेत खेळता यायचं नाही, वडिलांची बदली झाली असेल तर गोष्ट वेगळी. तुम्ही आमच्या हेडबाईंना बिनदिक्कत सांगितलंत की बाबांची बदली झाली. बाबा त्याच कंपनीत, त्याच मशीनवर, रिटायर होईपर्यंत. आम्ही घरी यावर किती हसलो असू. बाबा तर ओळखीच्यांना सांगायचे, "माझी बदली झाली बरं का, पण मला कोणी कळवलं नाही."

आणि हेच तुम्ही सांगलीच्या मॅचनंतर एस.टी.त माझ्याशी तासन् तास बोलला नव्हतात. मी एका मुलीला कोपर मारलं, पंचांनी पाहिलं नाही, आपण जिंकलो. पुणं आल्यावर उतरता उतरता म्हणालात, "फाउल केला की हात वर करायचा. शिट्टी वाजो न वाजो." तेव्हा तशीच पद्धत होती, फाउल करणाऱ्याने स्वतः हात वर करायचा. मी रडले, पण तुमचं पटलं. आता मात्र विचारावंसं वाटतं की सर, बाबांच्या त्या बदलीसाठी तुमचा हात कुठे होता? मोठा माणूस मुलांना एक सांगतो आणि स्वतः दुसरंच करतो, यात नवीन काही नाही. मी तुमच्यावर चिडलेली नाही. नुसतं विचारतेय.

सोमवारी मी समितीला कळवायच्या आधी जिममध्ये गेले. पाठीमागून वार करणं आपल्याला जमत नाही. कान्तोकु एकटाच फरशी पुसत होता, ते काम तो कधी मुलींना सांगायचा नाही. मी सगळं विचारलं. त्याने एकही गोष्ट नाकारली नाही. "हो, केलं," म्हणाला. "दुसऱ्या कॉलेजचा माणूस तिच्या शाळेत दोनदा येऊन गेला होता. मी नियम पाळत बसलो असतो तर ती गेली असती. अशी मुलगी मला वीस वर्षांत मिळाली नाही." मग थोडा हसला आणि म्हणाला, "आणि त्या आईंचे लाडू फार छान होते. परत काहीतरी द्यायलाच हवं होतं." मी म्हटलं, "कान्तोकु, मला हे सांगावं लागेल." तो इथल्या रीतीने कमरेत वाकून नमस्कार करून परत फरशी पुसायला लागला.

इथे मीटिंगमध्ये काही ठरत नाही. ते आधीच ठरतं, एकेकाच्या खोलीत जाऊन, चहा पीत, आणि मीटिंगमध्ये फक्त माना हलवायच्या. आमचे अध्यक्ष माझ्या खोलीत आले, त्यांच्या गावचं गोड घेऊन. निवृत्तीला टेकलेले, शांत गृहस्थ. बराच वेळ मातीबद्दल बोलले. मग म्हणाले, "सेन्सेई," इथे शिक्षकांना असंच म्हणतात, "हे प्रकरण जरा अवघड आहे, नाही का?" इथे कोणी 'अवघड आहे' म्हणालं की त्याचा अर्थ 'सोडून द्या'. मला इतक्या वर्षांत तेवढं कळतं. सगळ्यांनी ठरवलं होतं की कान्तोकुने माफीपत्र द्यावं, काही महिने पगार कापावा, आणि मुलींच्या जागा तशाच ठेवाव्यात. बाहेर बोभाटा नको. मी म्हटलं, "हो, अवघड आहे." त्यांना वाटलं मी मान्य केलं. गोड मात्र छान होतं.

मीटिंगमध्ये माना हलायला लागल्या तेव्हा मी बोलले. माझी जपानी अजूनही पुणेरी आहे, वाक्य सरळ जाऊन आदळतं. मी म्हटलं, आपल्या निवड चाचणीला उत्तरेकडून रात्रीच्या बसने मुली येतात. सकाळी स्टेशनच्या कोन्बिनीत, म्हणजे रात्रभर उघड्या दुकानात, ओनिगिरीचा भाताचा गोळा खाऊन, तिथेच तोंड धुऊन मैदानावर येतात. आपण त्यांना पळायला लावतो, उड्या मारायला लावतो, त्यांचे आईवडील बाहेर थंडीत उभे राहतात. आणि जागा जूनमध्येच गेलेल्या असतात. हे त्या मुलींना कोण सांगणार? आपल्यापैकी कोण त्या बसपाशी जाऊन सांगेल? मी जाणार नाही. म्हणून मला वाटतं की कान्तोकुला काढायला हवं.

हलणाऱ्या माना थांबल्या. अध्यक्ष टेबलाकडे बघत होते. मला वाटलं, संपलं, आता पुढची दहा वर्षं मला कोणी चहा विचारणार नाही. मग नर्सिंग विभागाच्या एक बाई, कधीही न बोलणाऱ्या, म्हणाल्या, "माझी मुलगी अशा एका चाचणीला गेली होती. दुसऱ्या कॉलेजात." एवढंच. त्यानंतर माना दुसऱ्या बाजूने हलल्या. कान्तोकुचा करार त्याच महिन्यात संपवला, तिन्ही मुलींना दिलेलं वचन रद्द झालं.

हे बोलताना माझ्या डोळ्यांसमोर कोण होतं सांगू? आपल्या टीममधली ती मुलगी, जी पाचवीपासून त्या शाळेत होती. सगळ्यांच्या आधी मैदानावर यायची, फक्कीने रेघा आखायची, पाणी भरायची. मी आले आणि ती बाकावर बसली. कोणी तिला काही बोललं नाही, तीही काही बोलली नाही, दिवाळीनंतर यायची बंद झाली. तुम्ही आमच्या घरी आलात, तिच्या घरी कधी गेला नाहीत. सर, नियम तिच्यासाठी असतो. तुम्हाला चांगले खेळाडू शोधायला नियमाची गरज नव्हती, मलाही नव्हती, आपलं छान चाललं होतं. तुम्ही माझ्या हाताखाली असतात तर मी तुम्हालाही काढलं असतं. काढून झाल्यावर तुमच्या घरी येऊन पाया पडले असते, पण काढलं असतं.

मग माझं काय झालं असतं, हे तुम्ही विचाराल. काही नाही. कॉलनीत खेळले असते, पोक काढलं असतं किंवा नसतं काढलं, आणि माती तरीही शिकले असते, कारण गणितात मी हुशार होते आणि त्यात तुमचा काही हात नव्हता. तुमचे उपकार मोठे आहेत, पण सगळ्याच गोष्टींचं श्रेय तुम्हाला द्यायला मी तयार नाही.

कान्तोकु जाताना मला भेटायला आला. खोकी बांधून झाली होती. म्हणाला, "बायकोच्या गावी शाळेत शिकवीन. छोटी शाळा आहे, टीमला पाच मुली जमल्या तरी पुष्कळ." मला त्याची माफी मागावीशी वाटली आणि मी मागितली नाही, कारण ती खोटी झाली असती. वाईट मात्र फार वाटलं. घरी येऊन खिचडी टाकली आणि ती तशीच गार होईपर्यंत बघत बसले. मैत्रिणीने माझा फोन उचलणं बंद केलं होतं. दिवाळीला ग्योतोकुहून बोलावणं आलं नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा मी विकतची चकली खाल्ली, योकोहामाच्या दुकानातली, आणि ती मऊ होती.

डिसेंबरात त्या मुलीच्या शाळेची स्पर्धा होती. मी कोणाला न सांगता गेले. जिच्यावरून एवढं रामायण झालं तिला एकदा खेळताना बघावं, एवढाच विचार होता. मागे वरच्या बाकावर जाऊन बसले.

सर, काय सांगू तुम्हाला! डावखुरी. उंच मुली चेंडू हातात आला की घाबरतात, ही चेंडू आल्यावर शांत होते. समोरची मुलगी कुठे जाणार हे हिला त्या मुलीच्या आधी कळतं. दुसऱ्या सत्रात तिने रिंगकडे पाठ करून, न बघता, असा काही पास दिला की मी उभी राहिले आणि मराठीत ओरडले, "वा गं पोरी!" आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. मॅच अगदी शेवटपर्यंत गेली आणि हिची शाळा जिंकली. म्हणजे स्पर्धा संपली नव्हती, पुढची फेरी होती. नियम अजून चालू होता. हे मला पक्कं माहीत होतं. तो नियम मी समितीत शब्दन् शब्द वाचून दाखवला होता.

ओरडल्यामुळे मैत्रिणीने मला पाहिलं होतं. जिन्यापाशी ती उभी होती, मी तिच्याजवळ गेले. इतक्या महिन्यांनी आम्ही समोरासमोर. क्षमा, खुशाली, काहीतरी बोलायचं असतं ना माणसाने? माझ्या तोंडून निघालं, "काय गं, हिचं पुढच्या वर्षीचं काय ठरलंय? आमच्याकडे रीतसर परीक्षा देऊन येईल का?"

तिला हसू फुटलं, इतकं की तिने कठडा धरला. "बाई, बाई, बाई," ती म्हणाली, "हे विचारणं तुझ्या नियमात बसतं का गं?"

नाही बसत. हे पत्र मी कुठे पाठवणार नाही. तुम्ही असतात तरी पाठवलं नसतं, कारण तुम्ही ते मैदानावर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं असतं. पण तुम्हाला सांगते, तो प्रश्न विचारताना मला इतकं बरं वाटलं की कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आणि समितीला मी हे अजून कळवलेलं नाही.